नवा कीबोर्ड घेण्याआधी सहा सेल आणून पाहा

वाचकाचे पत्र (सारांश) : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे हे वाचक शाळेत नोकरी करतात आणि एका हौशी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतात. एक गायक, एक गायिका, तबला, ढोलकी, पेटी आणि कीबोर्ड असा त्यांचा संच असून भावगीते, अभंग आणि जुनी चित्रपटगीते असे कार्यक्रमाचे स्वरूप असते. त्यांचा 61 कीजचा कीबोर्ड चार वर्षांपूर्वीचा आहे. घरी हेडफोन लावून वाजवला की काहीच तक्रार नसते. मंडपात मात्र तो सतत घुमतो आणि मुद्दाम महागडी केबल आणूनही त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा पातळ येतो. तबलावादक म्हणतात की कीबोर्ड लयीच्या मागे राहतो. मधल्या सप्तकातल्या दोन की हलक्या हाताने दाबल्या तरी ओरडतात. गेल्या नवरात्रात तर गायिकेच्या गाण्यात अंतऱ्याआधी बासरीचा टोन घेताच सूर भलतीकडेच गेला, गाणे थांबले आणि निवेदकाने ‘आमचं मशीन रुसलंय’ असे म्हणून वेळ मारून नेली. संचातील ज्येष्ठ मंडळी ‘नवा कीबोर्ड घ्या’ असा आग्रह धरत आहेत. त्यासाठी पतसंस्थेतून 80 हजारांचे कर्ज काढावे लागेल आणि पत्नीचा त्याला विरोध आहे. ‘वाद्यच दगा देत असेल तर कर्ज काढून नवे घ्यावे, की वाजवणेच सोडावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

‘घरी हेडफोन लावून वाजवला की काहीच तक्रार नसते’ हे वाक्य आपण सहज लिहून पुढे गेला आहात. पण आपल्या पाचपैकी निदान तीन तक्रारींचे उत्तर त्यातच आहे. जे वाद्य घरी स्वच्छ वाजते आणि मंडपात घुमते, त्याच्या पोटात बिघाड असण्याची शक्यता कमी असते. घरी नसलेल्या आणि मंडपात असलेल्या गोष्टी कोणत्या, तर तिथली वीज, वीस-तीस फूट केबल, सगळ्यांचे आवाज एकत्र करणारा साउंडवाल्याचा मिक्सर आणि या सगळ्यांची घाईत केलेली जोडणी. उद्या 80 हजारांचा कीबोर्ड आणलात तरी तो याच जोडणीला लागणार आहे आणि बहुधा तसाच घुमणार आहे. फरक इतकाच, की तेव्हा हप्ताही चालू असेल. म्हणून ‘वाद्य दगा देते’ हे गृहीतक तूर्त बाजूला ठेवून एकेक तक्रार वेगळी करून पाहू.

घुमण्यापासून सुरुवात करतो. आपल्या कीबोर्डच्या तळाशी सेलची जागा आहे आणि ती आपण कधीच वापरलेली नाही, असे आपण लिहिले आहे. पुढच्या कार्यक्रमाला जाताना सहा चांगले अल्कलाइन सेल बरोबर न्या. सगळी जोडणी होऊन हम, म्हणजे तेच घुमणे, ऐकू येऊ लागला, की साउंडवाल्याला आपला चॅनेल बंद करायला सांगा, कीबोर्ड बंद करा, अडॅप्टर भिंतीतून आणि कीबोर्डमधून दोन्हीकडून काढा, सेलवर कीबोर्ड चालू करा आणि चॅनेल पुन्हा उघडायला सांगा. हम गेला, तर दोष विजेच्या वाटेने येतो आहे. तसाच राहिला, तर केबलमध्ये, मिक्सरच्या बाजूला किंवा कीबोर्डला जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणात आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने जो निकाल मिळतो, तो महिनाभर चर्चा करूनही मिळत नाही.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे हा हम खर्जात, मंद्र सप्तकाच्याही खाली, अखंड लागून राहतो. तानपुरा लावताना अनेकांना तो जाणवतो, पण कशाचा ते कळत नाही. तो येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. आपण तानपुऱ्यासाठी मोबाइल कीबोर्डच्या ऑक्स इनपुटला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जॅकला, जोडता आणि तो चार्जिंगलाही लावून ठेवता, असे पत्रात एका ठिकाणी आले आहे. माझा पहिला संशय तिथेच जातो. एका देवळाच्या प्रांगणात मी स्वतः पाऊण तास कीबोर्ड, केबल, मिक्सरचा चॅनेल असे सगळे बदलून घाम गाळला होता. शेवटी कुणीतरी स्वतःच्या कामासाठी मोबाइलचा चार्जर उपसला आणि सगळे एकदम शांत झाले. तेव्हा मोबाइल घरूनच पूर्ण चार्ज करून न्या आणि कार्यक्रमात सुटा ठेवा. दुसरी वाट म्हणजे, आपली केबल लाइटच्या वायरींना चिकटून त्यांच्याबरोबरच स्टेजच्या कडेने गेलेली असते. ती दोन हात दूर न्यावी, आणि दोन्हींची गाठ पडणे टळतच नसेल तर ती काटकोनात ओलांडावी. तिसरी वाट एक्स्टेंशन बोर्डाची. रंगीत दिवे, डिमर आणि कीबोर्ड यांचा बोर्ड एकच असेल, तर मिक्सरला जिथून वीज दिली आहे तिथूनच कीबोर्डलाही वीज मागून घ्यावी.

हे सगळे करूनही हम उरला, तर डीआय बॉक्स हे त्यावरचे खरे औषध आहे. मूठभर आकाराची ही डबी कीबोर्डजवळ ठेवायची. कीबोर्डची छोटी केबल तिच्यात येते आणि पुढे मिक्सरपर्यंतचा लांब प्रवास माइकच्या केबलने होतो, जिच्यावर वाटेतल्या विजेचा परिणाम फारसा होत नाही. तिच्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ असे एक बटण असते. ते दाबले की मिक्सरचे आणि आपले अर्थिंग ध्वनीच्या वाटेवर एकमेकांपासून तुटते आणि बहुतेक वेळा हम तिथेच संपतो. बऱ्याच साउंडवाल्यांकडे डीआय पेटीत पडून असतो. मागितल्याशिवाय ते तो काढत नाहीत, एवढेच.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो, कारण ती मी अनेक स्टेजवर पाहिली आहे. हम घालवण्यासाठी मिक्सरच्या किंवा अँप्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ कुणी सुचवला, तर त्याला ठाम नकार द्यावा. हम जातो हे खरे. पण त्यानंतर उपकरणात कुठे फेज उघडा पडला, तर तो गायकाच्या हातातल्या माइकच्या जाळीपर्यंत पोहोचू शकतो.

विजेचाच विषय निघाला आहे, तर पाकिटात मावेल एवढा एक मल्टीमीटर विकत घ्या असेही सुचवतो. मंडपातल्या सॉकेटवर फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 च्या आसपास आकडा दिसला पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल कुठे सैल झाला, की एका सॉकेटवर दिवे मंद होतात आणि दुसऱ्यावर दाब 300 व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. एका जत्रेत मला मीटरवर 287 दिसले आणि मी अडॅप्टर तसाच हातात धरून लाइटवाल्याला शोधत फिरलो. त्याने जनरेटरवरचा एक नट आवळला आणि आकडा खाली आला. अडॅप्टरवर ‘100 ते 240 व्होल्ट’ असे छापलेले असेल तर कमी-जास्त दाब तो बराच सोसतो, पण 287 त्यालाही झेपेलच असे नाही. अडॅप्टर विसरला म्हणून दुसऱ्याचा मागून लावण्याची वेळ आली, तर पिन बसली यावर समाधान मानू नका. यामाहाच्या बहुतेक छोट्या कीबोर्डना 12 व्होल्ट लागतात, काही मोठ्यांना 16 लागतात आणि त्यांच्या पिनेचा आतला भाग धन असतो. जुन्या कॅसिओंच्या 9 व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये तोच भाग ऋण असतो. कीबोर्डच्या मागे आणि अडॅप्टरवर गोलाचे छोटे चित्र छापलेले असते, ते दोन्हींकडे जुळले पाहिजे.

आता पातळ आवाजाविषयी. ही तक्रार वाचून मला थोडे हसू आले. कृपया राग मानू नये, कारण हीच चूक मी पैसे मोजून केलेली आहे. आपल्या कीबोर्डला लाइन आउटची, म्हणजे मिक्सरकडे आवाज पाठवणाऱ्या डाव्या-उजव्या जॅकची, वेगळी जोडी नसून हेडफोन आणि आउटपुट यांचा एकच जॅक आहे. आधी आपण साधी, पिनेवर एकच काळे कडे असलेली मोनो केबल वापरत होता. मग ‘चांगली’ म्हणून दोन कडी असलेली स्टीरिओ केबल आणली आणि तेव्हापासून आवाज विहिरीत गेला. त्याचे कारण असे. मिक्सरचे लाइन इनपुट बहुधा बॅलन्स्ड असते, म्हणजे पिनेच्या टोकावर जे येते आणि दोन काळ्या कड्यांमधल्या धातूच्या पट्ट्यावर जे येते त्यांची ते वजाबाकी करते. बॅलन्स्ड जोडणीत तेच हवे असते, कारण वाटेत शिरलेला हम दोन्ही तारांत सारखाच असतो आणि वजाबाकीत तो उडून जातो. हेडफोनच्या जॅकमधून मात्र टोकावर डाव्या कानाचा आणि मधल्या पट्ट्यावर उजव्या कानाचा आवाज येत असतो. जे दोन्ही कानांत सारखे वाजते, म्हणजे सुरांचा मुख्य गाभा, नेमके तेच वजा होते आणि मागे राहतो तो फक्त दोन कानांमधला फरक, म्हणजे रिव्हर्बची (कीबोर्डने जोडलेल्या घुमाऱ्याची) शेपटी आणि कोरस या इफेक्टची थरथर. विहिरीतून आल्यासारखे वाटणारे जे काही आहे, ते हेच.

यावर उपाय म्हणजे ‘वाय’ केबल. तिच्या एका टोकाला स्टीरिओ पिन असते आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना. त्या मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या चॅनेलना द्याव्यात. साउंडवाल्याकडे एकच चॅनेल मोकळा असेल तर फक्त डावी पिन द्यावी आणि उजवी मोकळी सोडावी. दोन्ही बाजू एकाच चॅनेलमध्ये कोंबण्यापेक्षा ते पुष्कळ बरे, कारण पियानोसारखे काही स्टीरिओ टोन डावे-उजवे एकत्र केले की पोकळ होतात. जुनी साधी केबल फेकली नसेल तर तीही जपून ठेवा. ती उजवी बाजू गिळत होती, पण डावी बाजू पूर्ण देत होती, त्यामुळे आपला कान तेव्हा खोटे बोलत नव्हता. कीबोर्डचा आवाज तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवून उरलेले काम मिक्सरच्या गेनवर, म्हणजे आत येणारा आवाज वाढवणाऱ्या बटणावर, सोडावे. कीबोर्डवर आवाज अगदी कमी ठेवून मिक्सरवर गेन चढवला की मुळातली खरखरही त्याच्याबरोबर चढते.

नवरात्रातल्या प्रसंगाबद्दल आपण सर्वांत जास्त लिहिले आहे आणि तो आपल्याला सर्वांत जास्त लागलाही आहे. पण त्यात ना वाद्याचा दोष दिसतो, ना आपल्या हाताचा. आपण सगळी गाणी पांढरी एकच्या (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या कीला षड्ज मानणाऱ्या) बोटांनी वाजवता आणि ट्रान्सपोजने, म्हणजे सगळ्या कीजचे सूर एकदम वर-खाली सरकवण्याच्या सोयीने, पट्टी बदलता. गायिका काळी चारमध्ये गातात, म्हणजे आकडा उणे 4. गायक पांढरी दोनमध्ये गातात, म्हणजे अधिक 2. अनेक कीबोर्डवर रजिस्ट्रेशन मेमरीचे, म्हणजे ठरवलेली मांडणी एका दाबात परत आणणारे, बटण साठवताना टोन, रिदम आणि आवाज यांच्याबरोबर ट्रान्सपोजचा आकडाही आत जातो. बासरीचे बटण आपण बहुधा गायकाच्या गाण्याचा सराव करताना साठवले असेल, आणि म्हणून त्याच्या पोटात अधिक 2 बसलेला असेल. गायिकेच्या गाण्यात ते दाबताच कीबोर्ड उणे 4 वरून अधिक 2 वर, म्हणजे सहा अर्धस्वरांनी वर गेला. षड्जाच्या जागी तीव्र मध्यम येऊन बसला! गायिका थांबल्या यात नवल नाही. यंत्र रुसले नव्हते, त्याने सांगितलेले काम चोख केले होते. आज रात्रीच प्रत्येक बटण दाबून पडद्यावरचा ट्रान्सपोजचा आकडा कागदावर उतरवून काढा, म्हणजे माझे अनुमान खरे की खोटे ते कळेल.

खरे निघाले, तर पुढे दोन मार्ग आहेत. गायिकेच्या गाण्यांसाठी एक बँक (अशा बटणांचा एक गट) आणि गायकाच्या गाण्यांसाठी दुसरी बँक अशी विभागणी करून प्रत्येकीत आकडा एकच ठेवायचा, हा सोपा मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्सपोज हळूहळू सोडून निदान काळी चार आणि पांढरी दोन या दोन पट्ट्यांत बोटे बसवायची. पेटीवादक तेच करतात आणि माझा स्वतःचा कल त्याच मार्गाकडे आहे. पण शाळा सांभाळून वाजवणाऱ्या माणसाने पहिला मार्ग धरला तरी त्यात कमीपणा नाही. पेटी शेजारी असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहून घ्या. कीबोर्ड चालू करताना त्याची पांढरी सहा 440 हर्ट्झला असते, आणि आपली पेटी किंचित चढी असेल तर दोघांचा एकच स्वर धरल्यावर आवाज हेलकावे खातो. पेटी 442 ला असेल, तर पांढरी सहाच्या त्या स्वरावर सेकंदाला दोन हेलकावे येतील. कीबोर्डमध्ये मास्टर ट्यूनिंगची सोय असते; हेलकावे थांबेपर्यंत ती हलवावी, कारण पेटीचे सूर मंडपात बदलता येत नाहीत, कीबोर्डचे येतात. कीबोर्डवर पेटीचा टोन घेतलात, तर टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा करण्याची सोय) बंद ठेवा. खऱ्या पेटीत बोट किती जोरात पडले यावर आवाज ठरत नाही, भात्यावर ठरतो. टच चालू असला की पेटीचा टोन पियानोसारखा ठोकल्यागत वाजतो.

तबलावादकांची तक्रार मी गंभीरपणे घेतो, पण आपल्या लयीवर शंका घेण्याआधी आपण काय ऐकून वाजवता ते पाहू. आपल्याजवळ मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकवणारा स्पीकर, नसतो, म्हणून आपण एक छोटा ब्लूटूथ स्पीकर पायाशी ठेवता. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि द्रुत केरव्यात तेवढ्यात तबल्याचा एक बोल होऊन जातो. मंडपाच्या टोकाच्या स्पीकरवर कान ठेवून वाजवणेही तसेच. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज जवळजवळ 30 मिलिसेकंद उशिरा येतो. तारेने जोडलेला कोणताही छोटा स्पीकर घ्या किंवा एका कानात वायरचा इअरफोन लावा. त्यानंतरही तबलावादक तेच म्हणाले, तर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिकणारे यंत्र) घेऊन बसावे लागेल.

राहिल्या त्या दोन की. हा मात्र वाद्यातला खरा दोष आहे आणि सगळ्यांत किरकोळही आहे. प्रत्येक कीखाली रबराच्या घुमटीत दोन संपर्क असतात. की दाबली की ते एकापाठोपाठ जुळतात आणि दोहोंमधल्या वेळावरून कीबोर्ड ठरवतो की बोट हलके होते की जोराचे. धूळ किंवा पावसाळ्यातली ओल बसली की हा वेळ चुकीचा मोजला जातो आणि की ओरडते. टच रिस्पॉन्स बंद करून त्याच दोन की वाजवून पाहा. आवाज इतर कीजसारखाच आला, तर दुरुस्ती फक्त ही रबराची पट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसण्याची आहे. जाणता तंत्रज्ञ हे काम तासा-दीड तासात करतो. गंज काढायचा स्प्रे फटीतून मारण्याचा मोह टाळावा. वाद्य उघडण्याआधी आपली रजिस्ट्रेशन्स पेनड्राइव्हवर घ्या. तंत्रज्ञांना फॅक्टरी रिसेट मारायची सवय असते.

कर्जाबद्दल. एका कार्यक्रमाचे आपल्या वाट्याला सुमारे दीड हजार रुपये येतात आणि वर्षाकाठी वीसेक कार्यक्रम होतात, म्हणजे 30 हजार. व्याज न धरताही 80 हजार फिटायला अडीच वर्षांहून अधिक काळ जाईल, आणि त्या काळात प्रवासखर्च आपल्याच खिशातून जाणार. माझ्या मते आपल्या पत्नींचा विरोध रास्त आहे, आणि केबल, डीआय, मल्टीमीटर व दुरुस्ती हे सगळे मिळूनही त्या रकमेच्या जवळपास जात नाही. नवा कीबोर्ड कधीच घेऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही. तंतुवाद्यांचा टोन आणि पियानो एकावर एक लावून पेडल दाबल्यावर आधीचे सूर तुटू लागले, डावे-उजवे वेगळे आउटपुट हवेच झाले, किंवा कीबोर्डचे दोन-तीन भाग करून एकाच गाण्यात तीन टोन वाजवायची गरज पडली, तर आपण या वाद्याच्या मर्यादेपाशी आला आहात असे समजावे. तेव्हासुद्धा हवा तो कीबोर्ड आधी साताऱ्यात किंवा पुण्यात एका कार्यक्रमापुरता भाड्याने घेऊन, याच साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडून पाहावा. ज्येष्ठांना सध्या एवढेच सांगा, की पुढचे तीन कार्यक्रम होईपर्यंत निर्णय थांबवला आहे. वाजवणे सोडण्याच्या प्रश्नावर मी काही लिहीत नाही. ज्याच्या पत्रात पट्टीचा आकडा गाण्यागणिक दिलेला असतो, तो माणूस वाजवणे सोडत नसतो.

आणि साउंडवाल्याविषयी आपण जे कडवट लिहिले आहे, तेवढे मनातून काढून टाका. त्याला कीबोर्ड कुठून, किती पिनांनी येणार हे कार्यक्रम सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी कळत असेल, तर तो हाताला लागेल त्या छिद्रात पिन घालणारच. आदल्या दिवशी त्याला फोन करून ‘कीबोर्डला दोन लाइन आणि एक डीआय ठेवा, मी तासभर आधी येतो’ इतके सांगून ठेवा. आणि जाताना सेल विसरू नका.